काम कसं करतो, ते इंग्रजीत सांगू या

आम्ही मुंबईतल्या नाहूरहून बोलतोय. गावोगावच्या बचत गटांतल्या तुम्हां सगळ्या बहिणींशी. कुणी भाकरी थापत ऐकत असाल, कुणी शेतातून येऊन नुकत्याच टेकला असाल. हातातलं काम सोडू नका. आजचा धडा तोंडाने म्हणायचा आहे, वही नसली तरी चालेल.

आम्ही म्हणजे नाहूरच्या दहा-बारा जणी. कुणी पोळी-भाजीचे डबे करते, कुणी शिवणकाम करते, कुणी दवाखान्यात मावशी आहे, कुणी ऑफिसात साफसफाईला जाते. निम्म्या जणींचं माहेर तुमच्यासारखंच गावाकडचं. रविवारी दुपारी भांडी आवरली की आम्ही एकत्र बसतो आणि इंग्रजी शिकतो. फाडफाड बोलायचं म्हणून नव्हे. औषधाच्या बाटलीवर, बँकेच्या कागदावर, मुलांच्या वहीत जे लिहिलेलं असतं, ते आपलं आपल्याला कळावं म्हणून.

आज एकच गोष्ट घेऊ. काम कसं केलं ते इंग्रजीत कसं सांगायचं? हळू केलं, नीट केलं, नियमितपणे केलं, मेहनतीने केलं. अशा शब्दांना आपल्या शाळेच्या पुस्तकात क्रियाविशेषण म्हणतात. इंग्रजीत त्याला अ‍ॅडव्हर्ब म्हणतात. आणि मुलगी कशी, साडी कशी, रस्ता कसा हे सांगणारा शब्द म्हणजे विशेषण, इंग्रजीत अ‍ॅडजेक्टिव्ह. नावं विसरलात तरी हरकत नाही. एवढंच ध्यानात ठेवा: विशेषण वस्तूला किंवा माणसाला चिकटतं, क्रियाविशेषण कामाला चिकटतं.

आमच्या स्टेशनवरचंच उदाहरण घ्या. नाहूर हे मध्य रेल्वेवर भांडुप आणि मुलुंड यांच्यामधलं स्टेशन. हे स्टेशन २००६ साली सुरू झालं. त्याआधी इथल्या लोकांना गाडीसाठी भांडुप नाहीतर मुलुंड गाठावं लागायचं. आमच्याकडे स्लो लोकल थांबते, फास्ट लोकल धडधडत निघून जाते. फलाटावरच्या पाटीवर गाडीच्या नावाजवळ इंग्रजी एस दिसला तर स्लो, एफ दिसला तर फास्ट. इंग्रजी न शिकलेल्या बाईलाही मुंबईत हे दोन शब्द पाठ असतात.

आता स्लो लोकल म्हणताना स्लो हा शब्द कुणाबद्दल सांगतो? गाडीबद्दल. गाडी कशी, तर स्लो. म्हणून ते विशेषण. पण गाडी चालते कशी हे सांगायचं असेल तर? तेव्हा म्हणायचं, द ट्रेन मूव्ह्ज स्लोली. गाडी हळू चालते. स्लो या शब्दाला शेवटी 'ली' लागलं आणि तो चालण्याबद्दल सांगू लागला.

हा 'ली' म्हणजे इंग्रजीतली दोन अक्षरं, एल आणि वाय. बहुतेक विशेषणांना ही दोन अक्षरं जोडली की क्रियाविशेषण तयार होतं. आपल्याकडेही असंच आहे. प्रामाणिक बाई, पण प्रामाणिकपणे वागते. शांत मुलगा, पण शांतपणे बसतो. आपण 'पणे' लावतो, इंग्रजी 'ली' लावते. कधी आपण 'ने' लावतो, जसं आनंदाने. कधी काही लावतच नाही, जसं हळू, नीट, पटकन. इंग्रजीत मात्र बहुतेक ठिकाणी एकच शेपूट.

चला, आमच्या मागे म्हणा.

क्विक म्हणजे झटपट. क्विकली म्हणजे पटकन.
क्लिअर म्हणजे स्पष्ट. क्लिअरली म्हणजे स्पष्टपणे.
लाउड म्हणजे मोठा आवाज असलेला. लाउडली म्हणजे मोठ्याने.
पोलाइट म्हणजे नम्र. पोलाइटली म्हणजे नम्रपणे.
सेफ म्हणजे सुरक्षित. सेफली म्हणजे सुखरूप.
केअरफुल म्हणजे काळजी घेणारी. केअरफुली म्हणजे जपून.

शी इज केअरफुल. ती जपून वागणारी आहे. इथे तिच्याबद्दल बोललो. शी वर्क्स केअरफुली. ती जपून काम करते. इथे तिच्या कामाबद्दल बोललो.

यात आपल्या सोयीची एक गोष्ट आहे. मराठीत आपण म्हणतो, मुलगा चांगला शिकतो, मुलगी चांगली शिकते. मुलगा की मुलगी यावर शब्द बदलतो. इंग्रजीत ती भानगड नाही. ही वर्क्स केअरफुली, शी वर्क्स केअरफुली, दे वर्क केअरफुली. माणूस कुणीही असो, केअरफुली तसंच राहतं.

लिहिताना थोडं सांभाळावं लागतं. मुलांच्या शब्दलेखनात गुण जातात ते इथेच, म्हणून घरातल्या शाळकरी मुलाला जवळ बसवा आणि त्याच्याकडून लिहून घ्या.

पहिलं. शब्दाच्या शेवटी वाय असेल, जसं हॅपी, ईझी, तर वाय काढून आय लिहायचा आणि मग एल-वाय. हॅपीचं हॅपिली, ईझीचं ईझिली.

दुसरं. शब्दाच्या शेवटी एल-ई असेल, जसं जेंटल, सिंपल, तर शेवटचा ई काढून तिथे वाय लिहायचा. जेंटली, सिंपली. नुसता ई असेल, जसं नाइस, सेफ, तर तो तसाच ठेवून एल-वाय जोडायचं. नाइसली, सेफली. ट्रू हा शब्द मात्र हट्टी. त्याचा ई जातो आणि ट्रूली होतं.

तिसरं. शब्दाच्या शेवटी आधीच एल असेल, जसं केअरफुल, तर एल-वाय जोडल्यावर दोन एल होतात. दोन्ही लिहायचे. एक गाळला की चूक धरतात.

चौथं. शब्दाच्या शेवटी आय-सी असेल, जसं बेसिक, तर मध्ये ए-एल घालून मग एल-वाय. बेसिकली. याला पब्लिक हा शब्द अपवाद. त्याला सरळ एल-वाय लागतं, पब्लिकली, म्हणजे चारचौघांत.

आता आपल्या बचत गटाकडे येऊ. पंचसूत्री तुम्हां सगळ्यांना पाठ आहे. नियमित बैठक, नियमित बचत, नियमित अंतर्गत कर्ज, वेळेवर परतफेड, अद्ययावत हिशेब. बैठक कशी, तर नियमित. बचत कशी, तर नियमित. ही सगळी विशेषणं. रजिस्टरच्या पहिल्या पानावर ती शोभतात. पण बँकेचे साहेब किंवा बाहेरगावचे पाहुणे आले आणि त्यांनी विचारलं, तुमचा गट काय करतो, तर उत्तरात आपण करतो काय आणि करतो कसं, दोन्ही यायला हवं. म्हणून ही पंचसूत्री आपण क्रियाविशेषणात बसवली आहे. पाच वाक्यं आहेत. एकेक दोनदा म्हणा.

पहिलं, वी मीट रेग्युलरली. आम्ही नियमितपणे भेटतो.
दुसरं, वी सेव्ह रेग्युलरली. आम्ही नियमितपणे बचत करतो.
तिसरं, वी लेंड फेअरली. आम्ही भेदभाव न करता कर्ज देतो. फेअर म्हणजे न्यायाचं, फेअरली म्हणजे न्यायाने.
चौथं, वी रिपे प्रॉम्प्टली. आम्ही विलंब न लावता फेड करतो.
पाचवं, वी कीप अवर अकाउंट्स करेक्टली. आम्ही आमचे हिशेब बरोबर ठेवतो.

पाचवं वाक्य पुन्हा ऐका. वी कीप अवर अकाउंट्स करेक्टली. करेक्टली कुठे आलं? अगदी शेवटी. वी कीप करेक्टली अवर अकाउंट्स असं म्हणत नाहीत. कीप म्हणजे ठेवतो. काय ठेवतो, तर अकाउंट्स. ही जोडी इंग्रजीत तोडायची नसते. नवरा-नवरीच्या उपरण्याला गाठ मारली की मधून कुणी जात नाही, तसं समजा. शी कट्स द क्लॉथ केअरफुली. ती कापड जपून कापते. शी केअरफुली कट्स द क्लॉथ असंही चालतं, कारण जोडी तुटली नाही. शी कट्स केअरफुली द क्लॉथ मात्र चालत नाही.

आणखी एक जागा लक्षात ठेवा. नेहमी, बहुतेक वेळा, क्वचित, असं किती वेळा ते सांगणारे शब्द क्रियापदाच्या आधी बसतात. वी ऑलवेज पे ऑन टाइम. आम्ही नेहमी वेळेवर पैसे भरतो. वी युजुअली मीट ऑन मंडे. आम्ही बहुतेक वेळा सोमवारी भेटतो. पण इज किंवा आर असेल तर त्याच्यानंतर. शी इज ऑलवेज ऑन टाइम. ती नेहमी वेळेवर असते.

इथवर सरळ होतं. आता जिथे 'ली' लावायचं नसतं ते शब्द घेऊ. आजच्या भाषणातला सगळ्यात कामाचा भाग हाच आहे.

आपली स्लो लोकल झाली, आता फास्ट घ्या. फास्ट ट्रेन म्हणजे जलद गाडी. गाडी जोरात जाते हे कसं सांगाल? द ट्रेन गोज फास्ट. फास्टली असा शब्द इंग्रजीत नाही. गाडीला लावा की जाण्याला लावा, फास्ट तो फास्टच. स्लोचंही रस्त्यावर असं होतं. घाटात, शाळेजवळ पाटी असते, गो स्लो. तिथे गो स्लोली लिहिलेलं नसतं. पाटीवर, थोडक्यात सांगताना गो स्लो बरोबर आहे. लिहिताना, परीक्षेत स्लोली लिहावं.

दुसरा शब्द गुड. गुड म्हणजे चांगला. चांगल्या रीतीने म्हणायचं तर गुडली होत नाही, शब्दच बदलतो आणि होतो वेल. शी इज अ गुड कुक. ती चांगली स्वयंपाकीण आहे. शी कुक्स वेल. ती चांगला स्वयंपाक करते. वेल तुमच्या घरात आधीच आहे. पातळ औषधाची बाटली काढा, तिच्यावर बारीक अक्षरात असतं, शेक वेल बिफोर यूज. घेण्याआधी नीट हलवा. काही औषधांत खरं औषध तळाशी बसतं. न हलवता दिलं तर आधीचे डोस फिके जातात आणि शेवटच्या डोसात जास्त औषध जातं. लेकराच्या बाबतीत हा 'वेल' वाचता येणं म्हणजे गंमत नव्हे.

तिसरा शब्द हार्ड. हा नीट ऐका. हार्ड म्हणजे कठीण, टणक. हार्ड वर्क म्हणजे कष्टाचं काम. मी कष्टाने काम करते हे कसं सांगायचं? आय वर्क हार्ड. इथेही 'ली' नाही. हार्डली असा शब्द आहे, पण त्याचा अर्थ भलताच. हार्डली म्हणजे जेमतेम, जवळजवळ नाहीच. आय हार्डली वर्क म्हणजे मी काम जवळजवळ करतच नाही.

बघा, काय उलटं होतं ते. समजा एखादी बाई कामाच्या मुलाखतीला गेली. पहाटे चारला उठणारी, दोन घरची कामं करून तिसरीकडे जाणारी बाई. तिला सांगायचंय की मी फार मेहनत करते. क्रियाविशेषणाला 'ली' लागतं एवढंच तिला ठाऊक आहे. ती विश्वासाने म्हणाली, आय हार्डली वर्क, तर समोरचा ऐकणार, ही तर कामच करत नाही. सगळी मेहनत दोन अक्षरांनी पुसली जाते. म्हणून आमच्या मागे तीनदा म्हणा. आय वर्क हार्ड. आय वर्क हार्ड. आय वर्क हार्ड. माय डॉटर स्टडीज हार्ड. माझी मुलगी मेहनतीने अभ्यास करते. मुलीच्या बाबतीतही हार्डली नको.

अशीच आणखी एक जोडी. लेट म्हणजे उशिरा. द बस केम लेट, एसटी उशिरा आली. लेटली म्हणजे अलीकडे, हल्ली. उशीर सांगायचा असेल तर लेटली नको.

आता उलटी बाजू. काही शब्दांच्या शेवटी 'ली' ऐकू येतं, पण ती विशेषणं असतात. फ्रेंडली, म्हणजे मनमिळाऊ. लव्हली, म्हणजे गोड, सुंदर. कॉस्टली, म्हणजे महाग. हे कसं ओळखायचं? 'ली' काढून बघा. मागे फ्रेंड उरलं, कॉस्ट उरलं. फ्रेंड म्हणजे मैत्रीण किंवा मित्र, कॉस्ट म्हणजे किंमत. ही नावं झाली. नावाला 'ली' लागलं की बहुतेक वेळा विशेषण होतं. विशेषणाला 'ली' लागलं की क्रियाविशेषण. पंचसूत्रीतली वेळेवर परतफेड इंग्रजीत टाइमली रिपेमेंट अशी लिहितात. टाइमली हे याच कुळातलं विशेषण. म्हणून आपल्या चौथ्या वाक्यात आपण प्रॉम्प्टली घेतलं.

वेळेचे काही शब्द दोन्हीकडे चालतात. डेली, वीकली, मंथली, यीअरली. मंथली इन्स्टॉलमेंट म्हणजे महिन्याचा हप्ता. वी पे मंथली म्हणजे आम्ही दर महिन्याला भरतो. शब्द तोच. कर्जाच्या कागदावर हप्ता वीकली आहे की मंथली, एवढं तरी स्वतःच्या डोळ्यांनी वाचा. आठवड्याचा हप्ता आणि महिन्याचा हप्ता यांत घरखर्चाची सगळी गणितं बदलतात.

आणखी एक नियम घरच्या जेवणातून शिकू. डाळ छान लागते. द डाळ टेस्ट्स गुड. इथे वेल का नाही आलं? कारण डाळ काही काम करत नाही. टेस्ट्स म्हणजे इथे फक्त 'लागते', डाळ कशी आहे तेच सांगितलं. म्हणून विशेषण. तसंच, यू लुक टायर्ड, तू दमलेली दिसतेस. द फ्लॉवर स्मेल्स स्वीट, फुलाला गोड वास येतो. दिसणं, लागणं, वास येणं, वाटणं, यांच्याबरोबर साधं विशेषण. पण तीच डाळ कुणी चाखून बघितली, तर चाखणं हे काम झालं. शी टेस्टेड द डाळ क्विकली. तिने डाळ पटकन चाखली.

तुमच्यापैकी काही गट महालक्ष्मी सरस प्रदर्शनाला मुंबईत माल घेऊन येतात. पापड, मसाले, आमसुलं, चटण्या. पाकिटावर इंग्रजीत दोन शब्द असले तर इथलं गिऱ्हाईक थांबतं. तिथेही आजचा धडा उपयोगी पडेल. नॅचरल कलर म्हणजे नैसर्गिक रंग. पण उन्हात वाळवलेली आमसुलं असतील तर नॅचरली ड्राइड, म्हणजे नैसर्गिक रीतीने वाळवलेली. ताजा दळलेला मसाला म्हणजे फ्रेशली ग्राउंड मसाला. काळजीने पॅक केलेला माल म्हणजे केअरफुली पॅक्ड. वाळवलेला, दळलेला, पॅक केलेला, यांत काम लपलेलं आहे. म्हणून त्यांच्याआधी 'ली' असलेला शब्द. मात्र खरं असेल तेच लिहा. भट्टीत वाळवलेल्या मालावर नॅचरली ड्राइड नको.

आता कागदांकडे वळू. इथे चुकलं तर गुण जात नाहीत, पैसे जातात, कधी जीवावर बेततं.

मलमाच्या ट्यूबवर, अंगाला लावायच्या तेलाच्या बाटलीवर लिहिलेलं असतं, फॉर एक्स्टर्नल यूज ओन्ली. एक्स्टर्नल म्हणजे बाहेरचं. ओन्ली म्हणजे फक्त. फक्त बाहेरून लावण्यासाठी. म्हणजे हे पोटात घ्यायचं नाही. ओन्ली हा छोटासा शब्द तिथे राखणदार म्हणून उभा आहे.

तोच ओन्ली चेकवर भेटतो. रुपीज फाइव्ह थाउजंड ओन्ली. मराठीत आपण अक्षरी रुपये पाच हजार फक्त, किंवा मात्र, असं लिहितो. का लिहितो? रक्कम इथे संपली, पुढे कुणी काही वाढवू नये म्हणून. रकमेच्या शेजारीच, जागा न सोडता ओन्ली लिहा आणि पुढे रेघ मारा.

गटाचं खातं उघडताना कागदावर एक शब्द येतो, जॉइंटली. जॉइंट म्हणजे एकत्र, जॉइंटली म्हणजे एकत्रितपणे. खातं ऑपरेटेड जॉइंटली असेल तर पैसे काढायला एकटीची सही चालत नाही, ठरलेल्या सगळ्यांच्या सह्या लागतात. अध्यक्ष, सचिव, खजिनदार यांच्यापैकी कुणाच्या सह्या ठरल्या आहेत ते गटातल्या प्रत्येकीला ठाऊक असलं पाहिजे. हा 'ली' तुमच्या पैशाची राखण करतो.

पण हाच जॉइंटली कर्जाच्या कागदावर एका सोबत्याला घेऊन येतो. इंग्रजी करारात लिहिलेलं असतं, जॉइंटली अँड सेव्हरली लायेबल. लायेबल म्हणजे जबाबदार. जॉइंटली म्हणजे सगळ्या मिळून. आणि सेव्हरली? सेव्हरल म्हणजे अनेक, पण इथे सेव्हरली म्हणजे प्रत्येकजण स्वतंत्रपणे. म्हणजे त्या कर्जाला सगळ्या मिळून जबाबदार आहात आणि प्रत्येकजण एकेकटीही पूर्ण कर्जाला जबाबदार आहे. दहा जणींनी सह्या केल्या आणि नऊ जणींनी हात वर केले, तर देणारा उरलेल्या एकीकडे सगळ्या रकमेची मागणी करू शकतो. माझ्या वाट्याचा दहावा हिस्सा भरला, मी सुटले, असं या दोन शब्दांपुढे म्हणता येत नाही.

हे ऐकून घाबरू नका. एकमेकींच्या विश्वासावरच गट उभे राहिले आहेत. पण विश्वास डोळे उघडे ठेवून टाकावा. सही करण्याआधी विचारा, यात सेव्हरली आहे का? असेल तर त्याचा अर्थ मराठीत सांगा. हे विचारण्यात लाजण्यासारखं काही नाही. रिझर्व्ह बँकेने २०२२ साली सूक्ष्मकर्जाबाबत जे निर्देश काढले, त्यांत कर्जाचा करार कर्जदाराला समजेल अशा भाषेत असावा असं म्हटलेलं आहे. तेव्हा समजेल अशा भाषेत मागणं ही मेहेरबानी नव्हे, तो आपला हक्क आहे. मागताना आजचाच एक शब्द वापरा. प्लीज एक्सप्लेन क्लिअरली. कृपया स्पष्टपणे समजावून सांगा. आणि साहेब भरभर बोलत असतील तर, प्लीज स्पीक स्लोली. कृपया हळू बोला.

शेवटी मुलांबद्दल थोडं. आपल्या वेळी बहुतेक मराठी शाळांत इंग्रजी पाचवीपासून असायचं. २००० सालापासून महाराष्ट्रातल्या शाळांत ते पहिलीपासून सुरू झालं. म्हणजे आज सहा-सात वर्षांचं लेकरू इंग्रजीचं पुस्तक घेऊन घरी येतं आणि आई म्हणते, मला नाही येत, बाबांना विचार. असं म्हणू नका. आजच्या धड्यातला एक खेळ त्याच्याबरोबर खेळा. तुम्ही म्हणा, वॉक, म्हणजे चाल. मग म्हणा, वॉक स्लोली. मुलाने हळू चालायचं. वॉक क्विकली. त्याने भरभर चालायचं. स्पीक लाउडली. ईट क्वाएटली, गुपचूप जेव. मग पाळी बदला, त्याने हुकूम द्यायचा, तुम्ही करायचं. चार दिवसांत घरात दहा शब्द रुजतील आणि आईला इंग्रजी येतं हे लेकराच्या मनात बसेल.

पुढच्या बैठकीसाठी घरचा अभ्यास देतो. प्रत्येकीने स्वतःच्या कामाबद्दल एक वाक्य तयार करायचं आणि सगळ्यांसमोर उभं राहून म्हणायचं. आय स्टिच नीटली, मी नीटनेटकं शिवते. आय मिल्क द काउ जेंटली, मी गाईची धार हलक्या हाताने काढते. आय काउंट द मनी केअरफुली, मी पैसे जपून मोजते. जिला काहीच सुचणार नाही तिने म्हणावं, आय वर्क हार्ड. ते आपल्या सगळ्यांनाच लागू आहे.

कुणी अडखळली तर हसू नका. तिला म्हणा, से इट स्लोली. सावकाश म्हण.